सुऱ्या फेकणारे मामा

एका फिरत्या सर्कशीत मामा सुऱ्या फेकायचे आणि मामी फळीला टेकून उभी राहायची. लग्नापासून हाच संसार. परवा मामांनी चहात मीठ घातलं, म्हणून मामीने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं.

"तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचा," डॉक्टर म्हणाले.

"तक्ता कुठाय?"

मामी मटकन खाली बसली. "अहो, मग मी कुठे उभी आहे ते कसं कळायचं?"

"तुझी बडबड चालू असते की. आवाज सोडून आजूबाजूला मारायचो."

चष्मा आला. तालमीला मामी जीव मुठीत धरून फळीपाशी उभी राहिली. तिच्या कानाभोवतीची भोकं मामांनी पहिल्यांदाच नीट पाहिली आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"बाजूला हो," ते कसेबसे म्हणाले. "इतक्या जवळ कुठला गाढव मारतो?"