सतरा नंबरचा हुरडा

आमच्या संशोधन केंद्राची स्मरणिका निघणार आहे. तिच्यासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला. विषय त्यांनीच सुचवला होता: कोरडवाहू शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, आपलं वाण कसं तयार झालं. त्या वाणाचा पैदासकार म्हणून कागदोपत्री माझी नोंद आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, साताऱ्यात राहतो, वेळ भरपूर आहे. दोन पानं लिहिली आणि थांबलो. एक गोष्ट त्या लेखात येत नव्हती आणि ती आल्याशिवाय लेख खरा होत नव्हता.

वीसएक वर्षांपूर्वी पाण्याचा ताण सोसणाऱ्या शाळूच्या ओळींची, म्हणजे वाण ठरण्याआधीच्या निवडींची, चाचणी आम्ही दोन ठिकाणी घेत होतो. एक कोरेगावजवळ, बऱ्या जमिनीत. दुसरी आटपाडीकडे, एका निवृत्त सुभेदारांच्या हलक्या रानात. ताणाची चाचणी म्हणजे पिकाला मुद्दाम पाणी द्यायचं नाही. शाळू निसवला, म्हणजे कणीस बाहेर पडलं, की खालची पानं वाळू लागतात. कोणती ओळ किती वाळली, ते बांधावर उभं राहून वहीत लिहायचं. सुभेदारांना हे कधीच पटलं नाही. "शेजारी हीर भरल्याली हाय आन् तुमी पिकाला तहानेनं मारताय. फौजेत दुश्मनालाबी पाणी पाजत हुतो आमी."

चाचणीतली एक ओळ माझी होती. दोन वर्षं तिचे आकडे चांगले आले होते आणि त्या वर्षानंतर वाण म्हणून तिची शिफारस व्हायची होती. सतरा नंबरची ओळ आमच्या कंत्राटी संशोधन सहायक मुलीची होती. माणदेशातल्या एका म्हातारीकडून गावरान शाळूची मूठभर कणसं आणून, त्यातून निवड करत करत तिने ती उभी केली होती. तिच्या नेमणुकीची मुदत उन्हाळ्यात संपणार होती. ती वाढायची तर हातात काहीतरी दाखवण्यासारखं हवं होतं, आणि तिच्याकडे सतरा नंबर होता.

त्या वर्षी परतीचा पाऊस आला नाही. डिसेंबरअखेर आटपाडीचं सगळं रान पिवळं पडलं. माझी ओळ बरी होती, पण खालची पाचसहा पानं गेलेली, दाणा लवकर टणक झालेला. सतरा नंबर हिरवा उभा होता. उशिरा निसवणारी ओळ उशिरापर्यंत हिरवी दिसतेच, त्यामुळे मी आधी त्या मुलीची वही तपासली. निसवल्याची तारीख माझ्या ओळीचीच होती. म्हणजे हिरवेपणा खरा होता. हे मला त्या दिवशी कळलं. नंतर कळलं असं मी म्हणू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात पाहणी समिती आली. त्या मुलीला मी त्याच दिवशी निरीक्षणं घ्यायला कोरेगावला पाठवलं. निरीक्षणं दोन दिवसांनी घेतली असती तरी चाललं असतं. समितीसमोर तिने सतरा नंबरबद्दल बोलू नये, एवढंच मला हवं होतं.

आमच्याकडे त्या दिवसांत शाळूच्या रानावर पाहुणा आला आणि हुरडा न खाता गेला, तर घरधन्याला ते फार लागतं. सुभेदारांनी सकाळीच आगटी पेटवून ठेवली होती. पण त्यांच्या स्वतःच्या शाळूचा दाणा वाळून खडा झालेला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, पावण्यांफुडं माझी इज्जत जाती. आख्ख्या रानात कवळा जोंधळा न्हाई. तुमच्या त्या हिरव्या वाफ्यात तेवढा हाय. घिऊ का?"

मी म्हणालो, "घ्या चार कणसं."

चाचणीत प्रत्येक ओळ तीन वेगळ्या जागी पेरलेली असते, दोन-दोन तास, म्हणजे पेरणीच्या रांगा. हिरवे वाफे लांबूनही ओळखू येत होते. सुभेदारांचा गडी विळा घेऊन गेला आणि तिन्ही ठिकाणची कणसं पाटी भरून घेऊन आला. मी पाटी पाहिली. त्यात काय आहे हे ओळखायला मला दुसरी नजर टाकावी लागली नाही. मी अडवलं नाही. कणसं आगटीत गेली.

समितीतले सगळे पोत्यांवर मांडी घालून बसले. गरम कणसं चोळून दाणे पुढ्यात पडत होते, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही. "लाजू नगा, खावा," सुभेदार म्हणत होते, "खाऊन संपला तर आमचं नाव हुतं, उरला तर जातं." समितीचे अध्यक्ष हसत म्हणाले, "दुष्काळात असा हुरडा मिळत असेल तर पडू दे की दुष्काळ." मीही हसलो. मीही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती कोरेगावहून आली, थेट रानात गेली आणि तिथून माझ्याकडे.

"सर, सतराची कणसं कुठायत?"

"पाखरांनी खाल्ली. राखणीला लक्ष नव्हतं."

"पाखरं विळा वापरत नाहीत, सर. आगटीची राख अजून गरम आहे."

"वहीत काय लिहायचं ते मी ठरवतो," मी म्हणालो.

वहीत मी लिहिलं: ओळ सतरा, पाखरांनी नुकसान, कणसांना पिशव्या बांधण्यात हयगय, आकडे ग्राह्य नाहीत. पिशव्या बांधणं तिचं काम होतं. त्यामुळे हयगयही तिचीच ठरली. उन्हाळ्यात तिची मुदत वाढली नाही.

इथपर्यंत कोणी म्हणेल, प्रसंग हातातून निसटला. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण ओळ संपलेली नव्हती. शिल्लक बियाण्याचं एक पाकीट कपाटात होतं. जाताना ती म्हणाली होती, "सर, पुढच्या हंगामात तेवढं पाकीट पेरा. मी नसले तरी चालेल." पुढच्या थंडीत तिचा फोन आला. मी सांगितलं, "पेरलं होतं. ताणात टिकली नाही. साधीच ओळ होती."

पाकीट कपाटातच होतं. माझ्या ओळीची शिफारस झाली, मला बढती मिळाली. हुरडा ही चूक म्हणता येईल. फोनवर बोललो ती चूक नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना ते पाकीट सापडलं. तिच्या अक्षरात सतरा. मी ते घरी आणलं आणि एका डब्यात ठेवून दिलं. स्मरणिकेचा लेख अडला तेव्हा डबा उघडला. निम्मे दाणे ओल्या कागदात गुंडाळून खिडकीत ठेवले. आठ दिवस पाहिलं. एकाही दाण्याला मोड आला नाही, बुरशी तेवढी आली.

मग मी पलूसला गेलो. तिथे तिची रोपवाटिका आहे, ऊस आणि भाजीची रोपं करते. शेडच्या दारात ट्रे भरणारी बाई ओरडली, "आवं मॅडम, कोनतरी म्हातारं आलंय, रोपं न्यायचं दिसंना." ती आली. तिचे केस पांढरे झालेत. तिने ओळखलं आणि खुर्ची पुढे केली.

मी सगळं सांगितलं. पाकीट कधी पेरलंच नव्हतं, हेही. उरलेले दाणे तिच्यासमोर ठेवले. ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"म्हणजे टिकली नाही, हे खोटं?"

"हो."

"मला वाटायचं, माझी नजरच चुकली. दुसरीकडे मुलाखतीला बोलावणं आलं होतं, गेले नाही. जी ओळ चांगली म्हणून भांडले ती साधी निघाली, मग कशाला लोकांसमोर बसायचं, म्हटलं."

शेडमध्ये कोणीतरी पाण्याचा पाइप सुरू केला. तिने विचारलं, "चव कशी होती?"

"काय?"

"हुरड्याची. मी सतराचा एक दाणाही तोंडात टाकला नव्हता. बियाणं कमी होतं ना."

मी सांगितलं. दाणा टपोरा होता, सालपट पातळ, गोड, दुधाळ. अध्यक्षांनी दोनदा मागून घेतला. तिने मान हलवली, जशी एखादी नोंद बरोबर आल्यावर पूर्वी हलवायची.

"लेखात लिहा हे," ती म्हणाली. "माझं नाव नको. नंबर घाला."

"मी माफी..."

"ते राहू द्या, सर. आधी वही दुरुस्त करा."

ती वही आता कुठे आहे ते मला माहीत नाही. म्हणून दुरुस्ती इथे करतो, आणि स्मरणिकेला हेच पान पाठवतो. ओळ सतरा, आटपाडी. निसवणं माझ्या ओळीबरोबरच. ताणात शेवटपर्यंत हिरवी. पाखरांचं नुकसान नाही. पिशव्या बांधण्यात हयगय नाही. कणसं हुरड्यासाठी कापली, माझ्या परवानगीने. शिल्लक बियाणं पेरलं नाही, ते माझ्या निर्णयाने. उगवण आता शून्य.