वखारीतली करवत आणि आम्ही दोघी

आम्ही कल्याणला गेलेलो ते देवघरासाठी सागाची एक फळी आणायला, आणि परत आलो ते टेम्पोत लाकूड कापायचं मशीन घालून. माझा नवरा ही गोष्ट सांगताना अजूनही एवढंच म्हणतो, "आईला आणि हिला एकत्र बाजारात पाठवायचं नाही."

फळी त्याच वखारीतून हवी, हा सासूबाईंचा हट्ट होता. मी त्यांना आईच म्हणते. त्यांचे वडील त्या वखारीत कारकून होते. लहानपणी आई दुपारी त्यांचा डबा घेऊन जायच्या आणि आत करवत चालू असली की दारातच थांबायच्या. पोरींनी आत यायचं नाही, अशी तंबी होती. भाऊ खुशाल आत हुंदडायचे. आई दारातून मान लांब करून बघायच्या आणि अंगावर भुसा उडाला तरी खूश व्हायच्या.

आम्ही पोचलो तेव्हा वखार रिकामी होती. तिथे आता टॉवर उभा राहणार होता. एकटा मॅनेजर खुर्ची टाकून बसलेला. "आजी, फळी काय, ढलपी पण उरली नाही," तो म्हणाला. आईंचं तिकडे लक्षच नव्हतं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली माणसाहून उंच असं काहीतरी उभं होतं. त्यांनी सरळ जाऊन ताडपत्री ओढली.

आत बँडसॉ होती. ओतीव लोखंडाची जुनी करवत. एक मोठं चाक वर, एक खाली, आणि दोन्हींवरून मशीनच्या पट्ट्यासारखं फिरणारं पोलादी दातेरी पातं. मधे लाकूड ठेवायला लोखंडी टेबल. पातं तुटून लोंबत होतं, टेबलावर गंज चढलेला आणि वरच्या चाकात कुठल्या तरी पाखरानं घर करून सोडून दिलेलं.

"हीच ती," आई म्हणाल्या. गंजलेल्या टेबलावरून त्यांनी असा हात फिरवला की जणू म्हैस दूध किती देते ते बघतायत.

"आजी, ती भंगारात चालली. दुपारी माणूस येतोय न्यायला."

"मग त्याला सांगा, दुसरं काहीतरी ने."

खरं तर मी इथे मधे पडायला हवं होतं. पण मी नुकतीच शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपवून घरी बसलेले आणि घरी बसण्याचा मला जाम कंटाळा आलेला. आईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आणि मला हसू फुटलं. "इथे टेम्पो कुठे मिळेल हो?" मीच विचारलं.

भंगाराच्या भावात करवत आमची झाली. टेम्पोत आई पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या आणि कळव्याला घरी पोचेपर्यंत मागच्या काचेतून करवतीकडे बघत राहिल्या. वाटेत नवऱ्याचा फोन आला. "फळी मिळाली का?"

"फळी नाही मिळाली. फळ्या कापायचं मिळालंय."



आता ही ठेवायची कुठे? आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्यात लिफ्टमध्ये चार माणसं शिरली तरी ती कण्हते. पण बिल्डिंगच्या मागे दादांचा गाळा होता. दादा म्हणजे इथले मूळचे, आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीनही त्यांच्याच घरची. गाळ्यात पूर्वी त्यांची पिठाची गिरणी होती, त्यामुळे मोठ्या मोटारीला लागते ती थ्री-फेज वीज तिथे आयतीच होती. टेम्पो बघून ते बनियनवरच बाहेर आले.

"काय गो आये, यो काय हानलंस?"

"माहेर आणलंय माझं," आई म्हणाल्या. "जागा देतोस का?"

दादा हसायला लागले ते हसतच पोरांना हाका मारत सुटले आणि करवत गाळ्यात गेली.

मग आमचे रोजचे दिवसच बदलून गेले. सकाळची आमटी फोडणीला टाकली की आम्ही दोघी गाळ्यात. डिझेल लावायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. गंजाखालून टेबल हळूहळू करडं, मग चकचकीत निघालं तेव्हा आईंनी त्यात तोंड बघून केस सारखे केले. जाम झालेले नट तेल पाजून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पान्यावर दोघींनी मिळून लोंबकळायचं. एकदा नट असा अचानक सुटला की आम्ही दोघी गिरणीच्या जुन्या पोत्यांवर आडव्या. दादांची बायको चहा घेऊन आलेली, ती कप तसेच हातात धरून हसत उभी राहिली. मोटार कल्याणला वाईंडिंग करून आणली. बेअरिंगं नवीन बसवली, तुटक्या पात्याच्या जागी कोरं पातं आणलं. नवरा आधी नुसता दारात उभा राहून "हात सांभाळा" म्हणायचा. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून सल्ले द्यायला लागला. शेवटी एका रविवारी ऑफिसचा शर्ट काढून तोही ब्रश घेऊन बसला.

चाकांवरचं रबर पार गेलेलं. पातं घसरू नये म्हणून ते लागतंच. माजिवड्याला टायरवाल्याकडे ट्रकची जुनी ट्यूब मागायला आम्ही गेलो. त्यानं आईंची नऊवारी बघितली, माझी पर्स बघितली.

"आजी, तैरना है क्या?"

"हां," आई गंभीरपणे म्हणाल्या. "ये मेरेको सिखानेवाली है."

रिक्षात बसेपर्यंत आम्ही कसंबसं तोंड बंद ठेवलं. मग जे हसलो, रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता.

मशीन सुरू करायच्या दिवशी मात्र पदराची भानगड निघाली. फिरत्या पात्यापाशी नऊवारी नको, यावर मी अडून बसले. आई आत गेल्या आणि मुलाची जुनी पँट घालून, खाली दोन घड्या मारून बाहेर आल्या. जन्मात पहिल्यांदा पँट. दादांची बायको म्हणाली, "आये, हिरोच दिसतस!" आईंनी खिशात हात घालून बघितले. खिसे त्यांना फारच आवडले.

बटण दाबलं. चाकं फिरली, पातं नीट जागेवर चाललं, गाळ्यात बारीक गुणगुण भरून राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईंनी फळकूट पुढे सरकवलं. आणि काही म्हणजे काही झालं नाही. लाकूड कापलं जाईना. नुसता काळा धूर निघाला.

नवरा म्हणाला, पात्याला धार नाही. दादा म्हणाले, मोटार उलटी फिरते. मी मोटारीवरचा दिशेचा बाण बघितला, ती बरोबर फिरत होती. पातं कोरं होतं. आईंनी मशीन बंद करायला लावलं, चष्मा डोक्यावर चढवला आणि दात्यांना बोट लावलं.

"अगं, दात वर बघतायत. खाली बघायला नकोत?"

"म्हणजे खालचं वर करून लावायचं?" नवरा म्हणाला. त्यानं पातं काढून खालचं वर केलं. दात तरी वरच. पुन्हा फिरवलं. पुन्हा वरच. तो पात्याचं गोल वेटोळं धरून घामाघूम झाला.

आई एकदम खो खो हसायला लागल्या. त्यांना बोलताच येईना. "अरे... परकर... परकर उलटा घातलाय तिनं! आतली बाजू बाहेर कर!"

आणि खरंच, हातमोजे घालून आम्ही ते पातं परकर सुलटा करतात तसं पलटलं आणि दात खाली आले. दादा भिंतीला टेकून बसले. नवरा डोळे पुसत होता. मी तर जमिनीवरच.

पुन्हा बटण दाबलं. या वेळी फळकूट लोण्यासारखं चिरत गेलं. सरळ कापायचं ठरलेलं, पण आईंनी मधेच वळवलं, मग इकडे, मग तिकडे, नागमोडी. त्यांच्या भुवयांवर, केसांवर, पँटीच्या खिशात भुसा. "वळते गं! कशी वळते बघ!" त्या ओरडत होत्या. त्या दिवशी आम्ही घरातली मोडकी खुर्ची, एक जुना पाट आणि दादांच्या गाळ्यातलं मिळेल ते खोकं कापून काढलं. गरज कशाचीच नव्हती. नुसत्या कोयऱ्या, चंद्र आणि एक हत्ती. तो बाकी सगळ्यांना डुक्कर वाटला.

मग दादांच्या मुलीचं लग्न ठरलं. इकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. दादा येऊन म्हणाले, "आये, मांडवाला नाव पायजे पोरीचा. लाकडाचा. मोठा." आईंनी प्लायवूडवर अक्षरं काढली, मी पुढून धरलं, त्यांनी कापली. वेलांटी कापताना त्या श्वास रोखून धरायच्या आणि ती वळून पूर्ण झाली की "हुश्श" करून माझ्या पाठीत धपका घालायच्या. अक्षरांना सोनेरी रंग दिला आणि भोवती मासे लावले, कारण आईंना मासे कापायला सोपे वाटायला लागलेले.

हळदीला बँजो सुरू झाला. दादांच्या घरच्या बायकांनी आईंना ओढून मधे नेलं. गालांना, कपाळाला हळद, आणि आई हात वर करून नाचतायत. मधेच त्या थांबल्या आणि मांडवाकडे बोट करून शेजारच्या अनोळखी बाईला ओरडून सांगायला लागल्या, "ती वेलांटी आहे ना, ती मी कापली!" बँजोच्या आवाजात तिला काहीएक ऐकू गेलं नाही. ती मान हलवून नाचत राहिली. आईही.