चढावर झोपणारी गाडी

भिवंडीत लूममधून उडालेला कापूस कुठेही जाऊन बसतो. खिडकीच्या जाळीवर, कोर्टाच्या पायरीवर, वकिलाच्या काळ्या कोटावर. झटकला तरी पुन्हा येतो. किश्श्यांचंही तसंच आहे. मी ग्राहकांच्या तक्रारी चालवणारा वकील. गळणारे गीझर आणि न थंडावणारे फ्रीज यांच्यावर माझं घर चालतं. संध्याकाळी लूमची घरघर ऐकत खुर्चीत डोळे मिटले, की कोटावर बसलेले किस्से एकेक करून तरंगायला लागतात. त्यातले सगळ्यात जास्त एकाच पांढऱ्या गाडीचे आहेत. मी पदरचं काही घालत नाही. घातलंच असेल, तर ते गाडीच्या बाजूने.

*

अंबाडीजवळच्या गावातले आमचे गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी नवी कोरी गाडी घेतली. कारण एकच, त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे गुडघे. दर मंगळवारी त्यांना वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर न्यायचं, एसटीच्या पायऱ्या न चढवता.

पहिल्याच मंगळवारी, वज्रेश्वरीच्या अलीकडच्या चढावर, गाडी झोपली. बंद पडली असं मी म्हणत नाही. बंद पडणारी गाडी खोकते, हिसके देते. ही नुसती शांत झाली. समोरचे दिवे मालवले, एसीची झुळूक विरली आणि सकाळचं धुकं काचेला येऊन टेकलं. कुठेतरी एक भारद्वाज हुंकारत होता. गुरुजी घाबरून मागे वळले, तर वहिनी पदर सावरून उतरायच्या तयारीत.

"कुठं निघालीस?"

"कुंड आलं ना? इतकं शांत वाटलं, म्हणून म्हटलं."

*

मग दर मंगळवारी तोच चढ आणि तीच झोप. सर्व्हिस सेंटरवाले गाडी ठेवून घ्यायचे, धुऊन पुसून परत द्यायचे आणि सांगायचे, "काही प्रॉब्लेम नाही." एकाने तर विचारलं, पूजा नीट केली होती ना? नारळ कुठल्या चाकासमोर फोडला?

शेवटी गुरुजी माझ्याकडे आले. मी समजावलं, की नव्या वस्तूत तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल, तर ग्राहकाने नशिबाला बोल लावत बसायचं कारण नाही. दुरुस्ती मागता येते. दुरुस्तीने भागत नसेल, तर गाडी बदलून मागता येते, नाही तर पैसे परत. फक्त प्रत्येक तक्रार लेखी हवी, आणि दोष गेला नसेल तर 'समाधानी' म्हणून सही करायची नाही.

गुरुजींनी खाली पाहिलं. "सही केली."

"कधी?"

"जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा."

"अहो, पण का?"

"त्यांचा चहा प्यालो ना वकीलसाहेब. चहा पिऊन त्याच माणसासमोर 'समाधान न्हाय' असं कसं लिहायचं?"

गुरुजींच्या गावात हा नियमच आहे. ज्याच्या घरचं पाणी प्यायलो, त्याच्या घराला उंबऱ्यावरून नाव ठेवायचं नाही. मी बजावलं, पुढच्या वेळी चहा घ्यायचा नाही. पुढच्या वेळी गुरुजी आले ते फुलून.

"चहाला हात लावला न्हाय."

"शाब्बास. आणि सही?"

"केली. त्यांनी सरबत आणलं."

*

गाडी झोपली की कुणीतरी ती ढकलायला हवी आणि कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं. वहिनींच्या गुडघ्यांना ढकलणं जमणार नाही, म्हणून स्टिअरिंग त्यांच्याकडे आलं. चढाच्या माथ्यापर्यंत गाडी ढकलत न्यायची, मग पलीकडच्या उतारावर ती आपली आपण जागी व्हायची, लहान मूल कूस बदलून डोळे उघडतं तशी. वहिनी त्यात इतक्या तरबेज झाल्या, की खड्डा चुकवून, म्हशीला वळसा घालून, आवाज न करता गाडी माथ्यावर नेऊन ठेवायच्या.

एकदा मी म्हटलं, "वहिनी, आता लायसन्स काढून टाका."

"नको हो," त्या म्हणाल्या, "परीक्षेला गाडी चालू करायला सांगतात."

*

एकदा सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर स्वतः गाडीत बसला. मीही गेलो. त्या दिवशी गाडी ढगावरून गेल्यासारखी गेली. मॅनेजर वाऱ्याला तोंड देऊन म्हणाला, "मक्खन आहे गाडी, गुरुजी. तुमच्या ड्रायव्हिंगची हॅबिट तेवढी सुधारा."

मागून वहिनी म्हणाल्या, "मग दर मंगळवारी तुम्हीच या ना, भाऊ. तुम्ही बसलात की चालते. चहा मी करीन."

*

प्रकरण ग्राहक आयोगात गेलं. कंपनीच्या वकिलाने गुरुजींच्या सगळ्या सह्या एकीपुढे एक मांडल्या. 'समाधानी', 'समाधानी', 'समाधानी'. अक्षर तर काय, मोत्याचे दाणे. आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, "गुरुजी, एवढं समाधान होतं, तर इथं कशाला आलात?"

गुरुजी उभे राहिले. "साहेब, ते चहाबद्दल लिहिलंय. गाडीबद्दल मला कुणी विचारलंच न्हाय."

मग आदेश झाला, की तज्ज्ञाने गाडी चालवून पाहावी आणि अहवाल द्यावा.

*

तज्ज्ञ म्हणून आले ते इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक. अबोल माणूस, मांडीवर फाईल. आता सगळं त्या एका फेरीवर होतं. गाडी त्यांच्यादेखत झोपली तर केस जगणार. नाही झोपली, तर गुरुजींनी ही गाडी आणि हा चढ जन्मभर सांभाळायचा.

मंगळवारची सकाळ. गुरुजी चालवत होते, शेजारी प्राध्यापक, मागे मी आणि वहिनी. भाताच्या खाचरांवरून धुकं सरकत होतं आणि सगळं जग कुंडातल्या वाफेतून पाहावं तसं दिसत होतं. चढ आला. गाडी चढायला लागली. नुसती चढत नव्हती, गुणगुणत चढत होती. गुरुजींच्या मानेवर घाम आला. वहिनी हळूच म्हणाल्या, "आज लवकर पोचू," आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली.

प्राध्यापक फाईल मिटणार, तेवढ्यात त्यांचं बाजूच्या आरशाकडे लक्ष गेलं. धुक्यातून तीन-चार माणसं गाडीमागे पळत येत होती. हात पुढे पसरलेले.

"गुरुजी, ही माणसं आपल्या मागे का पळतायत?"

"शेतावरची हायत. ढकलायला येतात."

"पण गाडी चालू आहे."

"त्यांना सवय हाय."

"थांबवा."

गुरुजींनी गाडी थांबवली. पहिला गडी पोचला, धापा टाकत, जरा रागावलेलाच. "गुरुजी, आज थांबला न्हाय? आमी कापणी सोडून आलो."

प्राध्यापकांनी काच खाली केली. "गाडी रोज थांबते का इथे?"

"रोज न्हाय साहेब. मंगळवारची."

प्राध्यापकांनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "चला, सुरू करा."

गुरुजींनी चावी फिरवली. काहीच नाही. समोरचे दिवे मालवले. एसीची झुळूक विरली. धुकं येऊन काचेला टेकलं.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. गुरुजी उतरून मागे गेले. वहिनी सावकाश पुढे येऊन स्टिअरिंगवर बसल्या. गडी आपापल्या जागी उभे राहिले. प्राध्यापक क्षणभर रस्त्यात उभे होते. मग त्यांनी फाईल माझ्या हातात दिली, बाह्या दुमडल्या आणि गुरुजींच्या शेजारी डिकीला हात लावला.

गाडी निघाली. धुक्यात फक्त पावलं आणि श्वास ऐकू येत होते. अर्ध्या चढावर प्राध्यापकांनी विचारलं, "गुरुजी, दर वेळी अगदी असंच होतं?"

गुरुजींनी ढकलता ढकलता नीट विचार केला.

"न्हाय साहेब," ते म्हणाले. "आज एक माणूस जास्त हाय."