टमाटे साबूत होते

दिगांबरमामा. मी आज जो काही आहे तो कुणामुळे, असं विचारलं तर माझ्या तोंडून हे एकच नाव निघतं. मामा गेले त्याला आता महिना होत आला. मंचेरियलच्या बँकेत काउंटरवर बसलो होतो, तेव्हा मामीचा फोन आला. ती रडत नव्हती. "बापू, तुह्ये मामा गेले," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "गाडी अंगनात उभीच हाये…" म्हणाली आणि फोन ठेवला. समोर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मी काय सांगितलं ते आठवत नाही.

गाडी म्हणजे मामांची जुनी फोर-व्हील जीप. बाजारहत्नूरजवळच्या आमच्या गावात मामांची भाजीची वाडी. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की बाकीच्या गाड्या अलीकडेच थांबत, मामांची जीप मात्र चारही चाकं लावून चिखलातून गुरगुरत वर येई. आमच्या घरात शाळेचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. मामांनी माझं नाव आदिलाबादच्या मराठी शाळेत घातलं आणि भाजीच्या पोत्यांसोबत रोज मलाही नेऊ लागले. कपड्यांना कोथिंबिरीचा वास यायचा, म्हणून वर्गातली पोरं मला 'सांभारवाला' म्हणायची. एकदा रडत मामांना सांगितलं, तर ते हसायला लागले. "मंग बरं हाये ना. कांदेवाला म्हनले असते तं काय केलं असतं?" पुढे मी हॉस्टेलात गेलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. पत्र लिहायचं. "भाचेबुवा, तुमी शिकून राह्यले हे मले कागदावर दिसलं पायजे." माझ्याच पुस्तकांवरून ते अक्षरं शिकले होते; ती पत्रं ओळीवर बोट ठेवून, सावकाश, स्वतः वाचत.

मागच्या हिवाळ्यात जीप आदळायला लागली. फोनवर मामा दुसरं काही बोलतच नसत. "लय हानून राह्यली रे गाडी. कमरंत बसते सारं." गाडीची परीक्षा घ्यायची मामांची एक रीत होती. पिकलेल्या टमाट्यांचं एक कॅरेट ते मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवत आणि बाजारात पोहोचल्यावर त्याचा तळ पाहत. तळचे टमाटे फुटलेले असले तर गाडीत दोष. आणि त्या दिवसांत ते फुटत होते. म्हणजे दोष गाडीत होता, यात आम्हा कुणालाच शंका नव्हती.

जीपचं काम नेहमी करणाऱ्या गफ्फार मिस्त्रींनी आधी टायरमधली हवा कमी केली. मग चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे उतरवले. पाट्यांच्या थरांमध्ये गंज धरला होता, ते एकमेकांवर सरकतच नव्हते. शिवाय जुन्या मालकाने ओझ्यासाठी एक पाटा जास्तीचा घातलेला निघाला. तो काढला, बाकीचे घासून ग्रीस लावून पुन्हा चढवले. शॉकअप तपासायला मिस्त्री बंपरवर उभे राहिले आणि उडी मारून उतरले. गाडी एकदा वर आली आणि शांत झाली. शॉकअप ठीक होते. राहिले पाट्यांच्या टोकांचे बुश. ते रबर दगडासारखं झालेलं. आदिलाबादेत त्या जुन्या मापाचे बुश मिळेनात. मंचेरियलला एका दुकानात मला ते सापडले, इथे खाणीवर एकेकाळी अशा जीपा पुष्कळ होत्या. बसच्या पार्सलने पाठवले, सोबत पत्र लिहिलं. पत्र यासाठी, की मामा म्हणाले होते, "फोनवरचं मी इसरतो. लिहून दे, मिस्त्रीले वाचून दाखवतो."

बुश बसल्यावर सुट्टी काढून मी गावी गेलो. पहाटे मामांच्या शेजारी बसून बाजाराला निघालो, मामी मागे पोत्यांवर. खड्डा आला. जीप खाली गेली आणि अलगद वर आली. मला काहीच लागलं नाही. मामांची बोटं मात्र स्टिअरिंगवर आवळली गेली, श्वास आत ओढला गेला. "पायलं?" ते म्हणाले. "अजून हानते." मी हो म्हणालो. का म्हणालो, कळत नाही.

बाजारात गफ्फार मिस्त्री मुद्दाम आले होते. त्यांनी कॅरेट रिकामं केलं. तळापर्यंत एकही टमाटा चिरलेला नव्हता. "गाडी तो गद्दी हो गई, मामू," ते म्हणाले, "अब तुमीच बदलो." सगळे हसले. मामाही हसले, पण जीपला टेकून. उतरल्यापासून त्यांचा हात कमरेवरून निघाला नव्हता. मामी तराजू खाली ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिली. "टमाटे साबूत," ती हळूच म्हणाली, "अन् तुमीच फुटून राह्यले काऊन?"



नागपूरला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. आजार कुठेतरी दुसरीकडेच सुरू झाला होता आणि आता मणक्यांत उतरला होता. हाडं आतून पोकळ झाली होती. डॉक्टर सावकाश समजावत होते, मी मान हलवत होतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. मामांनीच विचारलं, "याचे बुश नाई भेटत का जी कोठं?" डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

उपचार झेपेनात, तेव्हा मामा घरी चला म्हणाले. रुग्णवाहिकेत मी त्यांच्या पाठीखाली दोन्ही तळवे घालून बसलो होतो. तेवढंच सुचलं. हा रस्ता मला पाठ, म्हणून आधीच सांगत होतो, "मामा, खड्डा येतोय…" थोड्या वेळाने ते डोळे मिटूनच म्हणाले, "नोको सांगू बापू. मले ठाव हाये सारा. सांगून काय तो बुजते?"

तेराव्याला जीप आवारातून बाजूला घ्यायची होती. मी बसलो. सीटवर मामीची जुनी गोधडी घडी घालून ठेवलेली होती. मामांनी ती कधी आणून ठेवली, मामीलाही माहीत नव्हतं. काचेवरची उन्हाची झापड खाली केली, तर मांडीवर माझं पत्र पडलं. ग्रीसच्या बोटांनी काळं झालेलं, घडीवर विरलेलं. किती वेळा उघडलं असेल… जसं आहे तसं देतो.

"तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. सोबत बुश पाठवत आहे. जुने काढताना मिस्त्रींना घाई करू देऊ नका. नवे बसवून गाडी चाकांवर उभी केल्यावरच नट शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळून राहतं. आता शोधायचं काही उरलेलं नाही. दोष सापडला आहे. गाडी मऊ झाली की तुमच्या कमरेचं दुखणंही जाईल. तोवर ओझं उचलू नका. मी येतो तेव्हा गाडी मी चालवीन, तुम्ही माझ्या जागी बसा आणि नुसतं बाहेर पाहा. मामीला नमस्कार.

आपला,
सांभारवाला"