सुमनअक्कांचा निरोप

माणूस देऊन परत काढून घ्यायचं असेल तर देव देतो तरी कशाला, असं त्या गुरुवारी माझ्या मनात धगधगत होतं. आमच्या जयनगरच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी दुपारी प्रसादाचं जेवण असतं. सहा वर्षं ते सुमनअक्कांच्या जिवावर चाललं. पगार नाही, मानपान नाही. त्या शिकलेल्या सुईण. पूर्वी त्यांच्या हातून एक बाळंतीण गेली, तेव्हापासून त्यांनी ते काम सोडून देवाचं स्वयंपाकघर धरलं होतं. आता आनेकलच्या एका लहानशा प्रसूतिगृहाने बोलावलं आणि त्या हो म्हणाल्या.

सगळ्यांनी कौतुक केलं. मला संताप आला. माझ्या रेखाला आठवा महिना लागला होता. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला अक्का जवळ असतील या भरवशावर मी तिला गुलबर्ग्याहून माहेरी आणलं. अक्कांना मी हे कधी सांगितलं नव्हतं. चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी बाई मी. मनातच धरलं आणि मनातच चिडले.

निरोपाला अक्कांची ओटी भरायची ठरली. खणनारळाचं ताट कोठीत आणि कोठीची किल्ली माझ्या कमरेला. आरती सुरू होताच मी चपला घालून घरी निघून आले. नंतर सगळ्यांना विसरले म्हणून सांगितलं. इथे खरं लिहिते, मुद्दाम आले. माझ्या हाताने त्यांना वाटेला लावणार नव्हते.

अर्ध्या तासात अक्काच दारात. "काय गं, ओटीशिवाय हाकलतेस मला? तिकडे पुजारी अण्णा कोठीच्या कुलपाला मंत्र म्हणून दाखवतायत." मी किल्ली पुढे केली. "तोंड बघ, बुडाला लागलेल्या भातासारखं," म्हणून त्या हसल्या. तेवढ्यात रेखा पाणी घेऊन आली आणि अक्कांचं हसू थांबलं.

रेखाचा चेहरा सुजला होता. मी त्याला गर्भारपणाचं तेज म्हणत होते. अक्कांनी तिला बसवलं, नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"डोकं दुखतंय?"

"सकाळपासून. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"आईला सांगितलंस?"

"आई रागात होती."

अक्कांनी रिक्षा थांबवली. वाटभर त्या रिक्षावाल्याला कानडीत "बेगा, बेगा" म्हणून घाई करत होत्या. दवाखान्यात रक्तदाब फार वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर झटके येऊन दोन्ही जीव हाती लागले नसते. संध्याकाळी ऑपरेशन झालं. एवढीशी मुलगी, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण जिवंत. अक्कांची बस केव्हाच निघून गेली होती.

मंदिरात सगळे म्हणाले, दत्तानेच धाडलं. असेल. मी वाद घालत नाही. पण मी नीट ओटी भरली असती तर अक्का देवळातूनच बसला गेल्या असत्या, हे मला चैन पडू देत नाही. माझ्या खोटेपणाखेरीज देवाला दुसरी वाट सापडली नाही का? आणि माझी लेक माझ्या घरात माझ्याच रागाला भिऊन दुखणं गिळत बसली, त्याचं काय?

तिसऱ्या दिवशी अक्का निघाल्या. बसजवळ, आयुष्यात पहिल्यांदा, मी लोकांसमोर मोठ्याने बोलले. "जाऊ नका. मला अजून राग आहे तुमचा."

"असू दे," अक्का म्हणाल्या. "आनेकलमध्ये कुणाला आठवा महिना लागत नाही का?"

तिथेही कुणाची तरी रेखा असणार, आणि तिच्या आईलाही काही कळत नसणार. मी त्यांची पिशवी उचलून बसमध्ये ठेवली.

दत्तमहाराज, तुम्ही माझी लेक ठेवलीत, नात ठेवलीत. अक्कांना माझ्यापाशी ठेवलं नाहीत, ते बरोबर केलंत, हे लिहितानाही हात जड होतो. राग गेल्यावर शरण येईन म्हटलं तर जन्म सरेल. म्हणून रागासकट आले आहे. पायाशी घ्या.