नकाराची मुभा

सर आमच्या दुकानाच्या पायरीखाली उभे राहायचे. कोणी "या" म्हटल्याशिवाय पाऊल वर टाकायचे नाहीत. चामराजपेटेतला आमचा रस्ता अरुंद. मागे रिक्षांचे भोंगे, डोक्यावर ऊन, आणि हे कागदांची पिशवी छातीशी धरून तसेच उभे. माझ्याबरोबर काम करणारी मंजुळा आतून ओरडायची, "बन्नी सर, बन्नी!" मग हसत वर यायचे. म्हणायचे, "बोलावलंत, म्हणून आलो."

आग्रह न करणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला भिडस्त समजतो. मीही तसंच समजले होते.

माझं टायपिंगचं आणि पुस्तकं जुळवायचं दुकान. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मं कन्नड. सर जालन्याकडचे, ख्रिस्ती घरातले. इथल्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं होतकरू पाळकांना धर्मशास्त्र शिकवलं. बायको आधीच वारलेली. जे. पी. नगरात दोन खोल्यांत एकटे राहायचे. खेड्यातल्या पाळकांना इंग्रजी ग्रंथ झेपत नाहीत म्हणून ते मराठीत पुस्तक लिहीत होते, आणि ते टाइप करायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी "स्वल्प थांबा सर" म्हटलं की ते खुर्चीवर टेकत म्हणायचे, "बरं अक्का, घेतो स्वल्पविराम."

पुस्तकाचा विषय एकच होता. देव कृपा देऊ करतो, ती माणसाला नाकारता येते का?

मला त्यातलं काही कळत नसे. एकदा टाइप करता करता विचारलं, "सर, फुकट मिळणारं कोण कशाला नाकारेल?"

"नाकारतात अक्का. रोज नाकारतात."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. काही जण मानतात, देवाने एकदा मनावर घेतलं की माणसाचं काही चालत नाही. मेलेल्याला उठवताना कोणी त्याची परवानगी घेत नाही. सरांना हे पटत नसे. "नाही म्हणायची मुभा नसेल," ते म्हणाले, "तर ते प्रेम कसलं? ती पकड झाली." शेवटपर्यंत नाकारणारा देवापासून कायमचा तुटतो, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य होतं. त्यांचा एक जुना विद्यार्थी आता त्यांच्याच चर्चचा पाळक होता आणि नेमका उलट मताचा होता. दोघे वर्षानुवर्षं भांडत. मला वाटतं, सरांना त्या भांडणाची चटक होती.

त्यांची एकुलती एक मुलगी महादेवपुऱ्यात एका कंपनीत होती. एकदा ती त्यांना न्यायला दुकानात आली. टेबलावरची पानं चाळून म्हणाली, "मी यांच्या पुस्तकातलं उदाहरण आहे. नाही म्हणणारी." कॉलेजात असतानाच तिने चर्च सोडलं होतं. राग नाही, तमाशा नाही. घरी येऊन सांगितलं होतं, "पप्पा, माझा विश्वास नाही. मी खोटं खोटं बसणार नाही." आणि सरांनी तिला पुन्हा कधी टोकलं नव्हतं. तिच्या देखत मला म्हणाले, "माझी मुलगी खोटं बोलत नाही." सांगताना चेहऱ्यावर चक्क अभिमान होता.

चौतिसाव्या वर्षी तिला कॅन्सर झाला. सहा महिन्यांत सगळं आटोपलं.

शेवटच्या आठवड्यात पाळक हॉस्पिटलात प्रार्थनेसाठी गेले. ती म्हणाली, "नको, थँक यू." शेवटच्या दिवशी सकाळी सरांनी, आयुष्यात एकदाच, स्वतः विचारलं. "बाळा, मी करू का?"

"तुमच्यासाठी करायची तर करा, पप्पा. माझ्यासाठी नको."

सर उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. प्रार्थना केली नाही. तिने नको म्हटलं होतं. दुपारी ती गेली आणि नर्स बोलवायला आली तेव्हाही ते त्या बाकावरच होते. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी एका सुरात, जणू दुसऱ्या कोणाचं सांगताहेत. मुलीच्या इच्छेप्रमाणे तिला विद्युतदाहिनीत नेलं.

भेटायला येणारे म्हणत, "शेवटच्या श्वासाला तिने हो म्हटलं असेल, सर." सर म्हणत, "तुम्ही तिला ओळखत नव्हता."

पाळक तर माझ्या दुकानातच त्यांना गाठून बसले. म्हणाले, "सर, एकदा माझ्या बाजूने बघा. देवाने तिला धरलं असेल. तिच्या नकारासकट."

"आणि धरलं नसेल तर?" सर म्हणाले. "तुझ्या हिशेबाने मग त्यानेच तिला नको म्हटलं. माझ्या हिशेबाने निदान ती आपल्या पायांनी गेली. यातलं कुठलं घेऊ, सांग."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आमच्यात असं कायमचं नसतं सर. पुन्हा जन्म असतो."

ते माझ्याकडे वळले. आवाज फार मऊ होता. "मला ती एकदाच मिळाली होती, अक्का."

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. नाकारणाऱ्याचं पुढे काय होतं, हे त्यात यायचं होतं. महिनाभर ते येत राहिले, पायरीखाली उभे राहिले, आम्ही बोलावलं की आत आले. पिशवीतून कागद निघायचे ते कोरे. पाणी पिऊन परत जायचे. मंजुळा त्यांच्या पाठीकडे बघत म्हणायची, "पाप, सर." कन्नडमध्ये 'बिचारे' म्हणायचं असलं की 'पाप' म्हणतात. सरांच्या बाबतीत तो शब्द ऐकला की मला कसंसंच व्हायचं.

मग पाळकांकडून कळलं की सरांनी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये कृपेची खूण म्हणून देतात ती भाकर आणि द्राक्षारस, घेणं सोडलं. उपासनेला येतात, मागच्या बाकावर बसतात, भाकरीचं ताट आलं की शेजाऱ्याकडे सरकवतात.

मी विचारलं, "देवावर रागावलात का सर?"

"राग नाही." त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "ती तिकडे एकटी आहे."

मी तो पुन्हा भरला.

"तीस वर्षं शिकवलं की नाकारता येतं," ते म्हणाले. "स्वतः कधी करून बघितलं नव्हतं."

"येतं का?"

"येतं, अक्का. फार सोपं आहे. कोणी हात धरत नाही."

त्या दिवशी त्यांनी पुस्तक पुसून टाकायला सांगितलं. दोनशे पानं होती. मी म्हटलं, राहू द्या, पुढे कधी वाटलं तर? ते म्हणाले, "हे वाचून एखादा पाळक कोणाच्या तरी आईबापांना त्यांचं मूल कुठे गेलं ते सांगेल." मी त्यांच्यासमोर फाइल काढून टाकली. पेन ड्राइव्हवरची प्रतही त्यांनी आठवणीने काढायला लावली. मी आणखी कुठे एखादी ठेवायला हवी होती का, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढे त्यांचं हृदय थकत गेलं. पाय सुजले, झोपूनच असायचे, पण शुद्ध लख्ख होती. एका रविवारी दुपारी मी पेज घेऊन गेले तर पाळक तिथे होते. पांढऱ्या रुमालात भाकरीचा तुकडा, लहानशा बाटलीत द्राक्षारस. पन्नाशीचा माणूस, पलंगापाशी गुडघे टेकून लहान मुलासारखा रडत होता.

"सर, मी जबरदस्ती करत नाही. नुसतं विचारतोय."

सरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "विचारलंस, बरं केलंस." जरा दम घेतला. "नको रे."

पाळकांनी तुकडा पुन्हा रुमालात गुंडाळला. चारही टोकं एकेक करून दुमडली. मी पेज भरवायला घेतली, ती मात्र सरांनी चार चमचे घेतली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

दफनाला आम्ही दहाबारा जण होतो. पाळक शवपेटीशी उभे राहून वाचत होते. ते उपासनेचं पुस्तक आमच्याच दुकानात जुळवलेलं, त्यामुळे पुढे काय आहे ते मला पाठ होतं. एकच परिच्छेद राहिला होता. हा आमचा भाऊ पुन्हा उठेल याची आम्हाला खात्री आहे, अशा अर्थाचा. माती टाकण्याआधी तो वाचायचा असतो.

ते तिथे थांबले. पुस्तकावर बोट ठेवून ते उभेच राहिले. देवाची कृपा कोणाला टाळता येत नाही असं जन्मभर सांगत आलेला हा माणूस. एक ओळ वाचायची होती. पलीकडे फावडी घेतलेले दोघे वाट बघत होते. त्यांतल्या एकाने हलकेच विचारलं, "मुगीता, सर?" झालं का?

पाळकांनी त्याच्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि होकाराची मान हलवली. त्या दोघांनी माती लोटायला सुरुवात केली.