गोणीवर बेतलेलं इंजिन

माझ्या बायकोच्या मामांइतका मोटरसायकलवर जीव टाकणारा माणूस मुंबईत दुसरा असेलही, पण तो वाकोल्यात राहत नसणार, कारण असे दोघे मावतील एवढं वाकोला मोठं नव्हतं. मामा गिरणीत फिटर होते. ऐंशीच्या दशकात गिरणी सुटली आणि त्यांनी भंगारातून एक अवजड मोटरसायकल उचलून चाळीच्या मागे आणून उभी केली. मूळच्या गाडीतलं त्यांनी शेवटी काय शिल्लक ठेवलं, ते त्यांनाच ठाऊक. सगळा जीव मात्र इंजिनाच्या ट्यूनिंगमध्ये, आणि त्याची पद्धत दर पंधरवड्याला बदलायची. कानाचा पंधरवडा असला की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहत, आणि सगळ्या चाळीने तोवर गप्प बसावं अशी त्यांची साधी अपेक्षा असे. मग प्लगच्या रंगाचा पंधरवडा यायचा. जळून आलेला प्लग बिस्किटाच्या रंगाचा दिसला पाहिजे असं शास्त्र आहे म्हणे. मामा खरंच घरातलं बिस्किट नेऊन प्लगशेजारी धरत आणि ताडून झालं की परत डब्यात ठेवत. त्या घरी चहाबरोबर बिस्किट घेताना मी आधी उलटं करून बघत असे. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट तपासायला त्यांना सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लागायचा. स्वतः निर्व्यसनी, त्यामुळे तो कागद नाक्यावरच्या लोकांकडून मागून घ्यायचे आणि घेतल्यावर त्यांना तंबाखूच्या दुष्परिणामांवर दहा मिनिटं ऐकवायचे. मला जावई म्हणून मान होता. मला ॲक्सिलरेटर धरायला मिळे.

या सगळ्या खटाटोपाला कारण होतं ते म्हणजे मामींचे गुडघे. मामींचं माहेर खाडीपलीकडच्या मनोरीचं. तिथे त्यांची म्हातारी आई होती, अंथरुणाला खिळलेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिचा एकच निरोप यायचा, की लेकीला एकदा बघू दे. मामींना तर चार पायऱ्या उतरवत नव्हत्या. बसच्या धक्क्यांनी त्या एकदा अर्ध्या वाटेतून रडत परतल्या होत्या. मामांनी मग पत्रा ठोकून मोटरसायकलला साईडकार जोडली, तिच्यात जुनी गादी घातली, आणि मार्व्याच्या धक्क्यापर्यंत मामींना अलगद न्यायचं असं ठरवलं. पुढे बोटीत उचलून ठेवायला मामींचे भाऊ येणार होते.

इथे मामांची एक चूक झाली, आणि ती हाडाचा फिटरच करू जाणे. मामींना रोज चाचणीला बसवून त्रास नको म्हणून त्यांनी मामींच्या वजनाची तांदळाची गोणी साईडकारमध्ये ठेवली आणि महिनाभर आरेच्या चढावर गाडी पळवली. ठिणगीचं टायमिंग पुढे आणलं, पेट्रोलचे जेट बदलले. गाडी गोणीसकट चढावर अशी सुटायची की अंधेरीचे गॅरेजवाले दोस्त बघायला येत आणि 'झकास' म्हणून जात. मग एका रविवारी गोणी काढून मामींना बसवलं. गाडी हायवेलाही लागली नाही तोच हादऱ्यांनी मामींचा चेहरा पांढरा पडला. परत आल्यावर मामा काढून ठेवलेल्या गोणीशेजारी पायरीवर बसले. मी काहीतरी धीराचं बोललो असेन. ते म्हणाले, "जावईबापू, गोणीक ढोपरां नसतत."

दुसऱ्या दिवसापासून कान, प्लग, चंदेरी कागद सगळं बाजूला पडलं आणि मामी हीच पद्धत झाली. रोज संध्याकाळी गल्लीत एकच फेरी. मामींना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. कुठे काय होतंय तेवढं त्या सांगत आणि मामा ते खडूने दारावर लिहीत. दाढ वाजली की टायमिंग जरा मागे. डोळे चुरचुरले की पेट्रोल जरा कमी. उचक्या दिल्यासारखं वाटलं की जरा जास्त. दीड महिन्यात गाडीचा वेग असा उतरला की दूधवाला सायकलवरून पुढे जाताना वळून हसायचा. दोस्त म्हणाले, "यार, वाट लावलीस गाडीची." एरवी मामांनी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी ते पाना पुसत एवढंच म्हणाले, "गाडी कोणासाठी ट्यून करूची, ह्या आधी ठरवूक व्हया." हयातभराची हौस त्यांनी अशी एका वाक्यात सोडून दिली. मला त्यांचा फार अभिमान वाटला, पण जावयाने असं बोलून दाखवायची रीत नव्हती.

मार्व्याला आम्ही सकाळीच निघालो. मी मागे बसलो होतो. मालाड मागे पडलं तरी मामींकडून दाढेची तक्रार नाही, डोळ्यांची नाही. मामांना काळजी वाटू लागली. धक्क्यावर गाडी उभी करून वाकून बघतात तो मामी मान कलती करून गाढ झोपलेल्या. गुडघ्यांपायी रात्ररात्र जागणारी ती बाई उन्हात, रस्त्यात, चालू गाडीत झोपली होती. समोर बोट लागली होती आणि मामींचे भाऊ हात करत होते. मामांनी त्यांना थांबायची खूण केली. मी इंजिन बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. आवाज थांबला तर तिला जाग येईल, असं ते कानाशी कुजबुजले. ती बोट गेली. दुसरी आली, तीही गेली. मामा हॅण्डलवर हात ठेवून तसेच उभे होते आणि इंजिन हळू आवाजात चालू होतं.

मामी जाग्या झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी गडबडून विचारलं, "अहो, बोट गेली का?"

"अजून येवक नाय गो," मामा म्हणाले.

मामांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. दुपारी मायलेकी भेटल्या.